परमुलखात गलाई बांधवांचे मंडळ उभारताना

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडलेली माणसे आज देशातल्या बहुतेक मोठ्या सराफपेठांमध्ये भेटतात. एखाद्या शहरात अशी वीस-पंचवीस दुकाने झाली, की कोणीतरी म्हणतोच, "आपलं एक मंडळ पाहिजे." त्या वाक्यानंतर नेमके काय करायचे, हे ज्यांना ठाऊक नाही अशा नव्या मंडळींसाठी हा लेख आहे. मी सतराव्या वर्षी कोइमतूरला मामांच्या दुकानात भट्टीवर बसलो, पुढे स्वतःचे दुकान काढले आणि आमच्या मंडळाचा चिटणीस म्हणून अकरा वर्षे काम पाहिले. येथे सांगितलेले बरेचसे आमच्या हातून आधी चुकलेले आणि नंतर दुरुस्त केलेले आहे.

मंडळ कोणासाठी, हे आधी ठरवा

बहुतेक मंडळे गणपती बसवण्यासाठी सुरू होतात आणि त्यात गैर काही नाही. पण मंडळाचा पाया कोणता, असे मला कोणी विचारले तर मी दुकानाच्या माळ्यावर एकटा झोपणाऱ्या पोराकडे बोट दाखवीन. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली, तेव्हा मामा यात्रेसाठी गावी गेले होते. दुकानाला कुलूप, माळ्यावर मी एकटा, आणि तमिळचा एक शब्द येत नाही अशी अवस्था होती. शेजारच्या घरातल्या आजी दोन वेळा पितळी तांब्यात भाताची पेज आणून जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवत आणि मी ती घेईपर्यंत खाली उभ्या राहत. त्याच गल्लीत आमच्या तालुक्यातली सहा दुकाने होती, पण मी आजारी आहे हे त्यांतल्या एकालाही आठ दिवस कळले नाही, कारण कळवायचे कोणी आणि कोणाला, याची काही व्यवस्थाच नव्हती. ती व्यवस्था करणे, हे मंडळाचे पहिले काम आहे असे मी मानतो.

म्हणून सुरुवात सभेने करू नका, यादीने करा. दोघा-तिघांनी मिळून एक जाड वही घ्यावी आणि रात्री दुकाने बंद होण्याच्या सुमारास पेठेतल्या प्रत्येक गलाई दुकानात जावे. नाव, गाव, तालुका, दुकानाचा पत्ता, राहण्याची जागा, रक्तगट, गावाकडच्या एका जबाबदार नातेवाइकाचा फोन आणि शहरात आल्याचे वर्ष एवढी माहिती पुरते. दुकानमालकाच्या नावाखाली "कामगार तीन" असे लिहून पुढे जाण्याचा मोह होतो. तो टाळावा आणि त्या तिघांची नावे स्वतंत्र ओळींवर, त्यांच्याच तोंडून ऐकून लिहावीत. मालक बहुधा मामा, चुलता किंवा भावकीतलाच असतो, त्यामुळे पोरांच्या वतीने तोच बोलतो आणि मंडळ मालकांचे होऊन बसते. यादी करताना आपण पोराशी थेट बोललो, तर पुढे अडचणीच्या वेळी तो आपल्याशी थेट बोलू शकतो.

पहिली सभा

यादी झाल्यावर पेठेच्या सुट्टीच्या दिवशी सर्वांना एकत्र बोलवावे. सभा कोणाच्याही दुकानात किंवा घरी घेऊ नये, कारण ज्याची जागा त्याचे मंडळ अशी समजूत पहिल्याच दिवशी पसरते आणि ती पुसायला वर्षे जातात. देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, लग्नाचे छोटे कार्यालय, जे मिळेल ते चालेल. सभेत तीनच गोष्टी ठरवाव्यात: मंडळ हवे की नको, त्याचे उद्देश कोणते, आणि घटना लिहिण्याचे काम कोणी करायचे. पदाधिकारी त्या दिवशी निवडू नयेत. ज्याच्याकडे सर्वात मोठी भट्टी आहे त्याला अध्यक्ष म्हणून लगेच हार घालण्याची आपल्याकडे घाई असते; घटना तयार होईपर्यंत पाच जणांची हंगामी समिती पुरेशी असते. तिच्यात किमान दोन पगारी कारागीर आणि वेगवेगळ्या तालुक्यांतली माणसे असावीत.

सभासद कोणाला करायचे, यावर पहिल्या सभेत वाद होणार हे गृहीत धरा. "फक्त आमच्या तालुक्याचे", "फक्त गलाईवाले", "फक्त अमुक समाजाचे" अशा सूचना येतील. धंदा हा दुवा ठेवावा, पण दार शहरातल्या सर्व मराठी कुटुंबांसाठी उघडे असावे, असे माझे ठाम मत आहे. अडचणीच्या रात्री उपयोगी पडणारा बँकेतला कारकून, रेल्वेतला कर्मचारी किंवा रुग्णालयातली परिचारिका आपल्या तालुक्याची असेलच असे नाही. तमिळनाडूत तर मराठी माणूस आपल्या आधी कित्येक पिढ्या पोहोचलेला आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात घेतलेल्या तंजावरात भोसल्यांचे राज्य 1855 पर्यंत टिकले, आणि त्या काळात आलेल्या घराण्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. त्यांची मराठी आपल्या कानाला वेगळी वाटते, परंतु त्यांना तमिळ आपल्या आईच्या भाषेसारखी येते आणि शहराचे रीतिरिवाज ठाऊक असतात. असे एखादे कुटुंब जवळपास असेल तर त्यांच्याकडे आदराने जावे, सल्ला मागावा.

घटना आणि नोंदणी

घटना म्हणजे मंडळाची नियमावली. ती वकिलाकडून तयार छापील नमुन्यावर उतरवून घेण्याऐवजी आधी मराठीत आपणच लिहावी, सभेत वाचून दाखवावी आणि मग तिचे इंग्रजी किंवा स्थानिक भाषेतील रूप वकिलाकडून करून घ्यावे. असे केल्याने ज्या नियमांना आपण बांधले जाणार आहोत, ते प्रत्येकाला समजलेले असतात.

देशभरातील संस्था नोंदणीच्या मुळाशी 1860 चा संस्था नोंदणी कायदा आहे. त्यानुसार सात किंवा अधिक व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. ज्ञापनपत्रात, म्हणजे संस्थेच्या स्थापनेच्या मूळ कागदात, संस्थेचे नाव, उद्देश आणि कार्यकारिणीच्या सदस्यांची नावे, पत्ते व व्यवसाय द्यावे लागतात, आणि नियमावलीची प्रत कार्यकारिणीच्या किमान तीन सदस्यांनी प्रमाणित करून जोडावी लागते. दिल्लीत हाच कायदा चालतो. अनेक राज्यांनी मात्र आपापले कायदे केले आहेत: कर्नाटकात 1960 चा, पश्चिम बंगालमध्ये 1961 चा, तमिळनाडूत 1975 चा, तर आंध्र आणि तेलंगणात 2001 चा कायदा लागू आहे. केरळात तर शहरानुसार फरक पडतो. पूर्वीच्या त्रावणकोर-कोचीन भागात, म्हणजे त्रिशूरसारख्या सोन्याच्या पेठेत, 1955 चा कायदा आहे आणि कोळिकोडसारख्या मलबारच्या भागात 1860 चा. म्हणून दुसऱ्या शहरातल्या मंडळाची कागदपत्रे जशीच्या तशी उतरवू नयेत. आपल्या जिल्ह्याच्या निबंधक कार्यालयात जाऊन तेथील नमुने व शुल्क विचारून घ्यावे.

नावाबाबत एक सूचना. आपल्यापैकी बहुतेकांना मंडळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव द्यावेसे वाटते. परंतु बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या अनुसूचीत महाराजांच्या नावाचा समावेश आहे, त्यामुळे नोंदणीच्या वेळी हरकत येऊ शकते. शिक्के, फलक आणि पावतीपुस्तके छापण्याआधी निबंधकाकडे चौकशी करावी आणि दोन पर्यायी नावे तयार ठेवावीत.

घटनेत काही कलमे न चुकता लिहावीत. पदाधिकाऱ्यांची मुदत दोन किंवा तीन वर्षांची असावी आणि एकाच पदावर सलग दोन मुदतींपेक्षा अधिक राहता येऊ नये. मालक आणि कारागीर यांची वर्गणी वेगळी ठेवता येईल, पण मत प्रत्येकी एकच असावे. उद्देश बदलणे सोपे ठेवू नये. 1860 च्या कायद्यातही त्यासाठी दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव, सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी मंजुरी आणि एका महिन्यानंतरच्या दुसऱ्या सभेत उपस्थितांच्या तीन-पंचमांश मतांनी शिक्कामोर्तब, अशी अट आहे. मंडळ कधी विसर्जित झालेच तर उरलेली रक्कम सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते, हेही सर्वांना आधीच समजावून सांगावे. नोंदणी झाली म्हणजे काम संपले असे नव्हे; दरवर्षी वार्षिक सभा घेऊन कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. हे राहून गेले की पुढे जागा घेताना किंवा बँकेत सह्या बदलताना अडचण येते.

पैसा

आम्ही पहिल्या वर्षी गणपतीची वर्गणी गोळा केली आणि हिशेब तोंडी दिला. खर्च खरा होता, एक रुपयाही कोणी खाल्ला नव्हता, तरीही मंडपवाल्याला दिलेल्या आगाऊ रकमेची पावती नसल्यामुळे कुजबुज सुरू झाली आणि पुढच्या वर्षी नऊ दुकाने बाजूला झाली. त्यांतली शेवटची दोन परत यायला सहा वर्षे लागली. सोन्याचा धंदा करणारा माणूस मिलिग्रॅमचा हिशेब ठेवतो, मग मंडळाच्या वहीतच त्याने ढिलाई का सहन करावी? तेव्हापासून आम्ही जमाखर्चाचा एक पानी तक्ता दर तिमाहीला मराठीत लिहून मंडळाच्या फलकावर लावतो, आणि त्यावर खजिनदारासोबत एका कारागीर सभासदाची सही घेतो.

मंडळाच्या नावाने पॅन काढावा, स्वतंत्र बँक खाते उघडावे आणि पैसे काढण्यासाठी दोन सह्या आवश्यक ठेवाव्यात. वर्गणी महिन्याला थोडी ठेवलेली बरी. वर्षाची एकदम मागितली की कारागिराला जड जाते. प्रत्येक रकमेला क्रमांकाची पावती द्यावी. करविषयक नोंदणी आणि विवरणपत्रे यांसाठी पहिल्या वर्षापासूनच सनदी लेखापालाची मदत घ्यावी.

दोन गोष्टी मात्र मंडळात कधीही आणू नयेत. पहिली म्हणजे भिशी. आपल्या लोकांत भिशी सर्रास चालते, आणि मंडळाची सभा संपली की तिथेच भिशी उघडणे सोयीचे वाटते. पण एखादा हप्ता बुडाला की बुडवणाऱ्याऐवजी मंडळाचे नाव निघते, आणि नोंदणी न करता चालवलेली भिशी 1982 च्या चिट फंड कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. दुसरी म्हणजे गलाईचा दर. मजुरी किती घ्यावी, कोणाचे गिऱ्हाईक कोणी ओढले, कोणाचा टंच, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा आकडा, चुकीचा निघाला, हे वाद मंडळाच्या बैठकीत उघडले की दिवाळीच्या फराळालाही लोक एकमेकांशेजारी बसत नाहीत. धंद्याच्या प्रश्नांसाठी व्यापारी संघटना वेगळी असावी आणि तिची बैठक वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी व्हावी.

जागा

स्वतःच्या इमारतीचे स्वप्न पहिल्या दहा वर्षांत पाहू नये. भाड्याची दोन खोल्यांची जागा पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळाली तरी पुष्कळ झाले. या बाबतीत मला मुंबईतल्या गोमंतकीय कूडांचे उदाहरण नेहमी आठवते. गोव्याहून बोटीवरच्या नोकरीसाठी किंवा मुंबईत काम शोधण्यासाठी आलेल्या ख्रिस्ती माणसांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावाने हे क्लब काढले. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत असे कितीतरी कूड आहेत. आपल्या गावचा माणूस आला की त्याला अगदी थोड्या पैशांत पथारी टाकायला आणि पेटी ठेवायला जागा मिळे, आणि संध्याकाळी वेदीसमोर सगळे प्रार्थनेला एकत्र येत. बोटीवर महिनोन्‌महिने गेलेल्या खलाशाची पेटी तोवर तिथेच सांभाळली जाई. कमी जागेत, कमी पैशांत परक्या शहरात आधार कसा देता येतो, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांनी मुंबईला गेल्यावर एखादा कूड जरूर पाहावा.

आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत सभा, मुलांचा मराठीचा वर्ग आणि वाचनाचे टेबल असते. दुसरीत चार पलंग, एक लोखंडी कपाट आणि चहापुरती शेगडी आहे. गावाहून नवा आलेला मुलगा, रुग्णालयात दाखल झालेल्या कारागिराची आई, दुकान बदलताना चार दिवस अधांतरी राहिलेला माणूस यांच्यासाठी ते पलंग आहेत. मुक्काम किती दिवस, जबाबदार कोण आणि किल्ली कोणाकडे, हे नियम भिंतीवर लावलेले असावेत, आणि राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव व ओळखपत्राचा क्रमांक नोंदवहीत लिहिलाच पाहिजे, मग तो अध्यक्षांचा सख्खा पुतण्या का असेना.

अडचणीच्या वेळची कामे

आमच्या धंद्यातला पहिला धोका तेजाबाचा. सोन्यात चांदी मिसळून ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळताना जो तांबूस-पिवळा धूर निघतो तो फुप्फुसांना घातक असतो, आणि तो जास्त प्रमाणात छातीत गेला तर त्रास कधीकधी काही तासांनी, रात्री झोपेत वाढतो. म्हणून "आता बरं वाटतंय" असे पोराने म्हटले तरी त्याला डॉक्टरकडे नेऊन दाखवावे आणि धुराचे कारण स्पष्ट सांगावे. मंडळाने वर्षातून एकदा छातीची तपासणी आयोजित करावी, तिच्यासाठी दुकान अर्धा दिवस बंद ठेवण्याची मालकांकडून आधीच कबुली घ्यावी, आणि धुराड्याची उंची व पंख्याची व्यवस्था नसलेल्या दुकानांना समजावून सांगण्यासाठी दोन ज्येष्ठ सभासद नेमावेत. शेजाऱ्यांच्या तक्रारीही बहुतेक याच धुरावरून सुरू होतात.

दुसरा धोका चोरीच्या सोन्याचा. अनोळखी माणूस मोडीचे दागिने गाळायला देऊन जातो आणि महिन्याने दुसऱ्या जिल्ह्याचे पोलीस दुकानात येतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खालील गुन्हा आहे, आणि दागिना वितळलेला असल्याने आपण अजाण होतो हे दाखवणे कठीण जाते. माल आणणाऱ्याचे ओळखपत्र, वजन, दिनांक आणि सही यांची नोंद ठेवण्याची सवय मंडळाने नव्या दुकानदारांना पहिल्याच महिन्यात लावावी. प्रसंग आलाच तर मंडळाचे दोन पदाधिकारी आणि आधीच ठरवलेला स्थानिक वकील पोलीस ठाण्यात जावेत, जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागावी, घरच्यांना कळवावे आणि अटक झाल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाते की नाही हे पाहावे. मंडळाने एवढेच करावे. निर्दोष असल्याची हमी देणे किंवा मंडळाच्या निधीतून "मिटवण्याचे" पैसे देणे ही मागणी नक्की येते; तिला ठाम नकार द्यावा.

तिसरी आणि सर्वात जड गोष्ट मृत्यूची. कोइमतूरहून विट्याकडे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि गावी आई-वडील वाट पाहत असतात. डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला, अपघात असल्यास शवविच्छेदन व पोलिसांचा ना हरकत दाखला, विमानाने न्यायचे असल्यास शवलेपनाचे प्रमाणपत्र, या कागदांची यादी आणि शीतपेटी असलेल्या रुग्णवाहिकेचे दोन क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावेत. एका प्रवासाचा खर्च भागेल एवढी रक्कम नेहमी वेगळी ठेवावी, आणि तिला गणपतीतही हात लावू नये. गाडीबरोबर मंडळाचा एक माणूस गावापर्यंत जावा. आम्ही आजवर चौघांना असे पोहोचवले आहे, आणि प्रत्येक वेळी त्या घरच्यांनी सर्वात आधी विचारले ते हेच, की शेवटी त्याच्याजवळ कोण होते.

सण, घरे आणि शेजार

सणांबद्दल फार सांगायला नको, ते आपल्याला येतात. पोलीस आणि महापालिकेची परवानगी महिनाभर आधी मागावी, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावू नये, आणि मिरवणुकीचा मार्ग गल्लीतल्या रहिवाशांना आधी सांगावा. आरतीला शेजारच्या तमिळ कुटुंबांना घरी जाऊन निमंत्रण द्यावे, आणि त्यांच्या पोंगलला आपणही जावे.

बायकांना मंडळात "महिला आघाडी" म्हणून हळदीकुंकवापुरते ठेवण्याची चूक आम्ही बरीच वर्षे केली. प्रत्यक्षात घरातून बाहेर पडून तमिळ सर्वात आधी शिकतात त्या त्याच. बाजार, शाळा, दवाखाना सगळे त्यांच्याच अंगावर असते. आमच्या कार्यकारिणीत तीन जागा त्यांच्यासाठी ठेवल्यावर मराठीचा रविवारचा वर्ग पहिल्यांदा सलग वर्षभर चालला. येथील शाळेत शिकणाऱ्या मुलांना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. आजीचे पत्र किंवा गावच्या पत्रिकेवरचे नाव स्वतः वाचता यावे, एवढे ध्येय ठेवले तरी वर्ग टिकतो.

कारभार सोपवताना

पहिली निवडणूक झाली आणि जुन्या पदाधिकाऱ्यांनी किल्ल्या सोपवल्या, की मंडळ खऱ्या अर्थाने उभे राहिले असे समजावे. सोपवताना सभासद यादी, इतिवृत्ताची वही, पासबुक, पावतीपुस्तकांची वापरलेली व कोरी पाने, नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र, भाडेकरार आणि कपाटातील सामान यांची दोन प्रतींत यादी करावी, तिच्यावर जुन्या-नव्या दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि बँकेतील सह्या त्याच आठवड्यात बदलाव्यात. नव्या चिटणिसाने पहिल्या पंधरवड्यात यादीतल्या प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करावा, कारण दिवाळीनंतर पोरे दुकाने बदलतात आणि जुना क्रमांक वहीत तसाच राहतो. मी कारभार सोपवला त्या वर्षी एकोणीस क्रमांक बंद निघाले. नव्या चिटणिसाने माळ्यांवर जाऊन इतर पोरांकडे चौकशी केली तेव्हा महिन्याभरात चौदा जणांचा पत्ता लागला. उरलेल्या पाचांसाठी त्याने गावाकडच्या नातेवाइकांना फोन लावले.